गॅस संपत नाही, गळतो

उन्हाळा लागला की बेंबळीपासून धाराशिवपर्यंत गॅरेजवर एकच वाक्य ऐकू येतं, "एसीत गॅस मारून द्या." पेट्रोल संपल्यावर भरावं, तसा दरवर्षी भरायचा. पण एसीतला गॅस जळत नाही, खर्च होत नाही. बंद नळ्यांमधून तोच फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठूनतरी गेला. गाडीत तो घरच्या फ्रिजपेक्षा लवकर जातो, कारण फ्रिजचा कॉम्प्रेसर डबाबंद असतो. गाडीचा पट्ट्यावर फिरतो, त्याचा दांडा बाहेर आलेला असतो आणि इंजिन हलतं म्हणून काही नळ्या रबरी ठेवाव्या लागतात.

मग गळती आधी शोधायची सोडून गॅस भरायची सवय कुठून लागली? मला वाटतं, ती गॅसच्या जन्मातच आहे.

१९२० च्या दशकात फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड वापरायचे. विषारीच सगळे. पण अमोनिया किंवा सल्फर डायऑक्साइड गळला की नाक लगेच सांगायचं. १९२८ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्ससाठी काम करणाऱ्या थॉमस मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सीएफसी गॅस शोधला. हाच पुढचा 'फ्रिऑन'. १९३० मध्ये मिजलीने सभेत तो छातीत भरून घेतला आणि फुंकून मेणबत्ती विझवली. विषारी नाही, पेटत नाही, हे एका दमात दाखवलं. (पेट्रोलमध्ये शिसं घालायची युक्तीही याच गृहस्थांची.) वास नाही, रंग नाही, धोका नाही. म्हणजे गळला तरी कोणाला कळणार नाही आणि कळलं तरी कोणी घाबरणार नाही. गळती 'शोधावी' लागायला लागली ती इथून.

त्यासाठी जुन्या मिस्त्रींकडे एक दिवा असायचा. छोट्या गॅसच्या ज्योतीवर तांब्याचा तुकडा आणि हवा ओढायला एक नळी. नळी सांध्याजवळ नेली आणि ज्योत हिरवी झाली, की गळती तिथंच. ती हिरवी व्हायची गॅसमधल्या क्लोरीनमुळं. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलँड या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की हाच क्लोरीन वर जाऊन ओझोनचा थर खातो. म्हणजे मिस्त्रीच्या दिव्याला जे दिसत होतं, तेच आभाळाला खात होतं. १९८५ ला अंटार्क्टिकावरच्या ओझोन छिद्राची बातमी आली, १६ सप्टेंबर १९८७ ला माँट्रियल करार झाला. भारत १९९२ मध्ये त्यात सामील झाला. २००० च्या नियमांनी १ जानेवारी २००३ पासून नव्या यंत्रांत सीएफसी वापरायला बंदी आली आणि १ ऑगस्ट २००८ पासून, दम्याच्या पंपांसारखा अपवाद सोडून, देशात त्याचं उत्पादनच थांबलं.

गाड्यांत आर-१२ च्या जागी आर-१३४ए आला. यात क्लोरीन नाही, त्यामुळं ओझोन वाचला. पण तो हिरवा दिवाही आंधळा झाला! नव्या गॅसला इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर लागतो, नाहीतर यूव्ही प्रकाशात चमकणारा रंग. गावाकडच्या किती गॅरेजमध्ये हे आहे? गॅस बदलला, हत्यार पोचलं नाही, आणि 'गॅस मारा' तेवढं राहिलं.

खरं तर निम्मं काम डोळ्यांनी होतं. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेल बाहेर येतं आणि त्यावर धूळ बसते. नळीच्या सांध्यावर तेलकट काळा डाग दिसला की तिथं संशय घ्यायचा. माझ्या वीस वर्षांच्या गाडीत यंदा तसाच डाग कंडेन्सरच्या खालच्या सांध्यावर दिसला. मिस्त्रीनं नायट्रोजन भरून साबणाचं पाणी लावलं, बुडबुडे आले. दोष एका ओ-रिंगचा होता. ती बदलली, व्हॅक्यूम पंप लावून अर्धा तास काटा स्थिर राहतो का पाहिलं, मगच गॅस वजन करून भरला. नायट्रोजनच वापरायचा बरं का. ऑक्सिजन कधीच नाही, तेलाशी गाठ पडली तर स्फोट होतो. डॅशबोर्डमागचा इव्हॅपोरेटर मात्र डोळ्यांना दिसत नाही. तिथं पाणी बाहेर पडणाऱ्या नळीपाशी डिटेक्टर धरावा लागतो, गाडी बंद करून आणि वारा नसताना.

आणि हा 'चांगला' गॅसही साधा नाही. आर-१३४ए कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट उष्णता अडवतो. छोट्या गाडीतला अर्धा किलो हवेत गेला, तर जवळपास तीनशे लिटर पेट्रोल जाळल्यासारखं झालं. २०१६ च्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली. त्यानुसार २०२८ पासून अशा गॅसच्या वापरावर मर्यादा येईल आणि २०३२ पासून कपात सुरू होईल.

सीएफसी बंद करताना केंद्राच्या योजनेत मेकॅनिकांना प्रशिक्षण दिलं होतं. आता पुन्हा ती वेळ आहे. १६ सप्टेंबरला ओझोन दिनाची भाषणं होतात. त्याच दिवशी धाराशिवच्या आयटीआयमध्ये आपल्या तालुक्यातल्या गॅरेजवाल्या पोरांसाठी गळती शोधायचं एक शिबिर लावावं, एवढीच मागणी आहे. आणि आपल्या भागात कुणाकडं डिटेक्टर किंवा गॅस परत काढून घ्यायचं मशीन असेल, तर खाली लिहा. बाकीच्यांना ठिकाण कळेल.