कर्करोगाचा लगाम : एका शोधाची हकीकत

कर्करोग म्हटला की आपले मन एखादा शत्रू शोधू लागते. बाहेरून काहीतरी शिरले आणि त्याने शरीराची नासधूस केली, अशी आपली समजूत. शास्त्रज्ञांचा शोधही बराच काळ याच वाटेने चालला होता. १९११ साली पेटन राउस यांनी कोंबडीच्या अर्बुदाचा रस गाळून दुसऱ्या कोंबड्यांना टोचला आणि त्यांनाही अर्बुद झाले. त्या रसातल्या विषाणूच्या मागावर राहूनच पुढे १९७६ साली बिशप आणि व्हार्मस यांनी दाखवून दिले की, पेशीला बेफाम वाढावयास लावणारे विषाणूतले जनुक मूळचे निरोगी पेशीतलेच आहे. शत्रू घरचाच निघाला खरा. पण होता तो शत्रूच, आणि तो सापडत होता.

श्रोतेहो, आज मला सांगावयाची आहे ती हकीकत निराळी आहे. पेशीत जे असावयास हवे ते नाहीसे झाल्यामुळे कर्करोग होतो, हे माणसाच्या ध्यानात कसे आले? जे आहे ते दुर्बिणीखाली दिसते. जे नाही ते पाहावयाचे कसे?

ही कल्पना प्रथम सुचली ती वुर्ट्सबर्गच्या थिओडोर बोव्हेरी या प्राणिशास्त्रज्ञाला. हा गृहस्थ सागरी साळूच्या अंड्यांवर प्रयोग करणारा. गुणसूत्रांची वाटणी बिघडली की गर्भ बिघडतो, हे त्याने पाहिले होते. १९१४ च्या आपल्या पुस्तकात त्याने लिहिले की, पेशीच्या विभाजनाला आवर घालणारे काही गुणसूत्रांत असावे आणि ते गमावलेली पेशी मोकाट सुटत असावी. पुढच्याच वर्षी तो वारला, आणि त्याचा तर्क कित्येक वर्षे पडून राहिला. १९६९ साली ऑक्सफर्डच्या हेन्री हॅरिस यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराची कर्करोगी पेशी साध्या पेशीशी जोडली, तेव्हा जोडपेशी सौम्य निघाली. तिने काही गुणसूत्रे टाकून दिली की मात्र दुष्टपणा परत येई. निरोगी पेशीपाशी लगाम आहे, एवढे यावरून दिसले.

पण माणसाचे काय? त्याचे उत्तर लहान मुलांच्या डोळ्यांनी दिले. दृष्टिपटलाचा एक कर्करोग आहे, रेटिनोब्लास्टोमा. सुमारे वीस हजार जन्मांमागे एका मुलाला तो होतो, आणि बहुधा पाच वर्षांच्या आत. १८७२ साली ब्राझीलमध्ये इलारियो द गोव्हेया या नेत्रवैद्याने एका मुलाचा रोगी डोळा काढून त्याला वाचवले. मुलगा मोठा झाला, त्याचे लग्न झाले, आणि त्याच्या दोन मुलींना तोच रोग झाला. रोग रक्तातून उतरतो हे उघड झाले. पण पुष्कळ मुलांच्या घराण्यात तर तो कधीच नसतो! मग हा आनुवंशिक म्हणावा की नाही?

ह्यूस्टनचे बालरोगतज्ज्ञ आल्फ्रेड नड्सन यांनी हे कोडे सोडवले ते प्रयोगशाळेत नव्हे, कागदावर. एम. डी. अँडरसन रुग्णालयातल्या ४८ मुलांच्या नोंदी त्यांनी घेतल्या आणि कोणत्या वयात रोग दिसला ते मांडले. दोन्ही डोळ्यांना रोग असलेल्या मुलांत, अजून रोग न दिसलेल्यांची संख्या ठरावीक प्रमाणात घटत जाई, रेडियम झिजावे तशी. जणू एकच अपघात घडावयाचा उरला होता. एका डोळ्याच्या रोग्यांत ही घट आधी रेंगाळे आणि रोगही उशिरा दिसे. म्हणजे तिथे दोन अपघात लागत होते.

घाट उतरणाऱ्या मोटारीला पायाचा ब्रेक असतो आणि हाताचा असतो. एक निकामी झाला तर दुसरा सांभाळतो. जनुकाच्याही दोन प्रती असतात, एक आईकडची व एक बापाकडची. काही मुले एक ब्रेक तुटलेलाच घेऊन घाट उतरू लागतात. नड्सन यांचा हा लेख १९७१ चा. तुटणारे ते जनुक त्यांनी पाहिलेलेही नव्हते! मला या सबंध इतिहासात ही गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते. १९८३ मध्ये कॅव्हनी आणि सहकाऱ्यांनी अर्बुदांत तेराव्या गुणसूत्रावरची निरोगी प्रत खरोखरच नाहीशी झालेली दाखवली, आणि १९८६ मध्ये फ्रेंड, वाइनबर्ग, ड्रायजा यांच्या मंडळींनी ते जनुकच हाती आणले.

पूर्वग्रह किती चिवट असतो, हे पी-५३ च्या कथेवरून दिसते. हे प्रथिन १९७९ साली सापडले. (५३ हजार एकके वजन भरले म्हणून हे नाव, वस्तुतः ते वजनही चुकलेलेच होते.) ते कर्करोगी पेशींत भरपूर आढळे, म्हणून दहा वर्षे सर्वांनी त्याला चोरच ठरवले. प्रयोगासाठी घेतलेल्या त्या जनुकाच्या प्रती बिघडलेल्या होत्या, हे कुणाच्या लक्षात आले नव्हते. १९८९ मध्ये फोगेलश्टाइन आणि लेव्हिन यांच्या प्रयोगशाळांनी दाखवले की, हा तर पहारेकरी! पेशीतल्या डीएनएला इजा झाली की तो विभाजन थांबवतो, नाहीतर पेशीला मरावयास लावतो. माणसाच्या सुमारे निम्म्या कर्करोगांत तो बिघडलेला असतो.

ज्या घरात असे मूल आहे त्याला या साऱ्याचा उपयोग काय, असे कुणी विचारील. मुलाच्या बुबुळात मांजराच्या डोळ्यासारखी पांढरी चमक दिसली, मग ती छायाचित्रात का असेना, तर त्याला ताबडतोब नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे. वेळेवर आणलेली बहुतेक मुले आज वाचतात. मुलाच्या रक्तात तुटलेले जनुक सापडले तर त्याच्या भावंडांचेही रक्त तपासता येते. ज्याच्यात दोष नाही त्याला दर काही आठवड्यांनी भूल देऊन डोळे तपासून घेण्याचा जाच उरत नाही. ज्याच्यात आहे त्याचा रोग मोहरीएवढा असतानाच हाती लागतो. आणि हा तुटका ब्रेक केवळ डोळ्यात नसून सर्व शरीरात असतो, हे कळल्यामुळे डॉक्टर अशा मुलांना बाहेरून किरण देण्याचे शक्यतो टाळतात. पूर्वी किरणांनी बऱ्या झालेल्या कित्येक मुलांना मोठेपणी त्याच जागी हाडांचा कर्करोग झाला होता.