ॲटलासची दांडी

परवा पडवी आवरताना जुनी ॲटलास बाहेर काढली. आडव्या दांडीवरचा पोचा अजून बोटाला लागतो.

सोनीपतला १९५१ साली ॲटलास सुरू झाली. एकलहऱ्याच्या वीज केंद्राचा पहिला संच १९७० चा. पाळीचे कामगार काय नि आम्ही मास्तर काय, सगळे सायकलवरच.

पोचा पडला तेव्हा वाटलं, गॅसवर तापवून ठोकून घ्यावा. मिस्त्री म्हणाला, "मास्तर, नळीची ताकद तिच्या गोलाईत असते. तापवली तर मऊ पडेल." त्याने लाकडी ठोकळ्याला नळीच्या मापाचं भोक पाडलं, मधोमध चिरून दोन भाग केले. ग्रीस लावून ते दांडीवर बसवले, शेगड्यात आवळले आणि हळूहळू फिरवले. पोचा बराचसा वर आला. मग हँडलमागच्या खालच्या नळीवरून त्याने नख फिरवलं. "इथं सुरकुती असती तर हात लावला नसता. नळीच बदलायची."

त्या दांडीवर रोज माझी लेक बसायची. मला फक्त पोचा दिसला होता.

ॲटलासचा शेवटचा, साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला बंद पडला. नेमका जागतिक सायकल दिन! असो. हवा भरून ठेवली आहे.