करमळीचे तळे
तिसवाडी तालुक्यातील करमळी गाव तेथील विस्तीर्ण तळ्यासाठी ओळखले जाते. पावसाळ्यात साठलेले पाणी पुढे वायंगण भातशेतीस मिळावे, ही त्यामागील योजना. तिची व्यवस्था परंपरेने गावकरी संस्था, म्हणजेच कोमुनिदाद, पाहत असे. सोळाव्या शतकात मंदिरांच्या विध्वंसाच्या काळात येथील ब्रह्मदेवाची मूर्ती सत्तरीत हलविण्यात आली आणि तेथील स्थानालाही ब्रह्मकरमळी हे नाव मिळाले. देव स्थलांतरित झाला, तळे मात्र जागेवरच राहिले. १९९० च्या दशकात कोकण रेल्वेच्या मार्गाला पर्यावरणप्रेमींनी या तळ्यासाठीही विरोध केला होता. हिवाळ्यात येथे स्थलांतरित बदके उतरतात. शेते पडीक राहिली, तर पाणी अडविण्या-सोडण्याचे कारणच उरणार नाही. म्हणून तळ्याचे रक्षण शेतीपासूनच सुरू होते.