रुळांवरची पायवाट

यरुशलेमच्या जुन्या रेल्वे स्थानकापासून मालहाकडे जाणारी पायवाट हा एके काळचा लोहमार्ग होय. योसेफ नावोन या यरुशलेमकर यहुदी गृहस्थांनी १८८८ साली तुर्की सुलतानाकडून परवाना मिळविला. फ्रेंच कंपनीने मार्ग बांधला आणि १८९२ साली याफोहून गाडी डोंगर चढून आली. १९४९ च्या शस्त्रसंधीने बेत सफाफा गाव दुभंगले. रूळ मात्र इस्रायलकडे राहिले. १९९८ साली या स्थानकात गाड्या थांबल्या. पुढे येथे हमरस्ता व्हावयाचा होता. रहिवाशांनी विरोध केला, म्हणून रूळ वाचले. आपल्या कित्येक घरांनी भारतात रेल्वेची चाकरी केली. आपण मुलांना या वाटेने न्यावे; जपलेल्या रुळांमुळे वाडवडिलांचे कष्ट त्यांना सांगणे सोपे जाईल.