युरिएज (कोटीपोटातील)

गाय, म्हैस, शेळी, मेंढी या रवंथ करणाऱ्या जनावरांच्या कोटीपोटात राहणाऱ्या जीवाणूंचे एक विकर. ते युरियाचे अमोनिया व कार्बन डायऑक्साइड यांत विघटन करते. जनावराच्या स्वतःच्या पेशी ते बनवत नाहीत. त्याच्या रेणूत निकेल हा धातू असतो. जेम्स समनर यांनी १९२६ मध्ये अबईच्या दाण्यांतून युरिएज स्फटिकरूपात मिळवले. स्फटिकरूपात मिळालेले ते पहिलेच विकर.

युरिया चाऱ्यात घातलेला नसला, तरी कोटीपोटात तो असतोच. यकृतात तयार झालेला सगळा युरिया मूत्रावाटे जात नाही. बराचसा लाळेतून आणि कोटीपोटाच्या भिंतीतून परत येतो. भिंतीला चिकटलेल्या जीवाणूंचे युरिएज विशेष क्रियाशील असते. मिळालेल्या अमोनियापासून जीवाणू आपली प्रथिने बांधतात आणि पुढे खऱ्या पोटात व आतड्यात ते स्वतःच पचवले जातात. उन्हाळ्यात नुसत्या कडब्यावर जनावर तग धरते, त्यात या फेरवापराचा मोठा वाटा आहे. फिनलंडचे आर्तुरी विर्तानेन यांनी तर प्रथिनविरहित खाद्यात युरिया व अमोनियम क्षार देऊन गाईंपासून दूध मिळवले (१९६६).

अडचण आहे ती वेगाची. जीवाणूंना वापरता येईल त्याहून कितीतरी झपाट्याने युरिएज अमोनिया मोकळा करते. एकदम जास्त युरिया पोटात गेला की कोटीपोटातील आम्लता घटते, अमोनिया रक्तात उतरतो आणि यकृताला तो आवरत नाही. जनावर थरथरते, लाळ गाळते, त्याचे पोट फुगते. काही तासांत ते दगावूही शकते. अशा वेळी पशुवैद्य व्हिनेगर पाजतात. आम्लामुळे अमोनिया शोषला जाणे मंदावते. म्हणून एकूण कोरड्या खाद्यात युरिया साधारण १ टक्क्याच्या आत ठेवतात आणि सोबत मळी किंवा भरडा देतात, म्हणजे जीवाणूंना ऊर्जाही त्याच वेळी मिळते. युरिया-मळीची चाटण वीट याच हिशेबाने बनवतात: जनावर ती हळूहळू चाटते.

१०० किलो वाळल्या वैरणीवर ४ किलो युरियाचे द्रावण शिंपडून ती सुमारे २१ दिवस हवाबंद झाकण्याची पद्धत मात्र वेगळी. तेथे युरिएज वैरणीचे व तिच्यावरील सूक्ष्मजीवांचे असते. कोटीपोट पुरते वाढलेले नसलेल्या वासरांना युरिया देत नाहीत.