सागाला सागाचाच रंग

अमरावतीत किंवा अकोल्यात नव्या घराचं सुतारकाम सुरू झालं, की पॉलिशवाल्या मिस्त्रीला हल्ली हमखास सांगितलं जातं, 'नॅचरल ठेवा, लाकूड दिसलं पाहिजे.' स्वयंपाकघरातली कपाटं, देवघर, टीव्हीमागची भिंत, सगळीकडे मधाच्या रंगाचं फिकं सागवान. शेडकार्ड मोठ्या शहरातून येतं, म्हणून ही आवडही तिकडूनच आली असेल असं आपण धरून चालतो. माझं म्हणणं असं, की फिक्या पॉलिशचं सगळं सामान याच मातीतलं आहे आणि आवडही जुनीच आहे. मध्ये बराच काळ ती गडद रंगाखाली दबली होती.

जुन्या वाड्यांतले खांब, तुळया, दाराच्या चौकटी रंगवत नसत, त्यांचं तेलपाणी करत. लाकडाला सगळ्यांत मानवणारं तेल जवसाचं. वऱ्हाडात जवस म्हटलं की आधी चटणी आठवते, पण सुताराला त्याचा वेगळाच गुण हवा असतो. शेंगदाण्याचं तेल फळीला लावा, ते कितीही दिवस चिकटच राहील. जवसाचं सुकतं, आणि तेही उडून न जाता. त्यात निम्म्याच्या आसपास लिनोलेनिक आम्ल असतं. ते हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं, रेणू एकमेकांत गुंततात आणि लाकडाच्या तोंडाशीच पातळ, लवचिक थर तयार होतो. तापवून, लवकर सुकवणारी द्रव्यं घालून तयार केलेलं हेच तेल रंगाच्या दुकानात बेलतेल म्हणून मिळतं. सुकताना ते उष्णता सोडतं. त्यामुळे तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकू नये, तो आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या मोकळ्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात. घरात काम चालू असताना एवढं मिस्त्रीला जरूर विचारावं.

१८६७ मध्ये मुंबईची रेल्वे अकोला, बडनेरा करत नागपूरला पोचली. कापसाच्या गाठींबरोबर वऱ्हाड-मध्यप्रांतातलं जवसही बंदराकडे निघालं. युरोपला ते व्हार्निशसाठी, तैलरंगांसाठी आणि लिनोलियमसाठी हवं होतं. इंग्लंडच्या फ्रेडरिक वॉल्टनने लिनोलियमचं पेटंट घेतलं तेही १८६०च्याच दशकात.

लाखेचीही अशीच तऱ्हा. विदर्भाच्या पूर्वेला, गोंदिया-गडचिरोलीकडे, पळसावर लाखेचा किडा वाढतो. पळस-बोरावरच्या लाखेला रंगीनी म्हणतात, कुसुमाच्या झाडावरची ती कुसुमी. कुसुमी लाख रंगाने फिकी, म्हणून तिला भाव जास्त. लाख धुऊन, वितळवून, पातळ ताणली की तिचा चपडा होतो, आणि चपडा स्पिरिटमध्ये विरघळवला की पॉलिश. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात हे पॉलिश फ्रेंच पॉलिश या नावाने गाजलं. माल मात्र मुख्यतः हिंदुस्थानातला. साहेबाबरोबर ते परत आलं तेव्हा त्याची महोगनीची हौसही बरोबर आली. जुन्या कचेऱ्यांतल्या काळपट तांबूस खुर्च्या आठवून पाहा. काव, पिवडी, खडूची पूड बेलतेलात कालवून लाकडाची छिद्रं भरायची आणि वर गडद पॉलिशचे हात द्यायचे, ही पद्धत मग घराघरांत रुजली. गडद रंगाने मिस्त्रीची सोयही झाली. सांधा, ठिगळ, वेगवेगळ्या झाडांच्या फळ्या, सगळं एका रंगात झाकलं जायचं.

फिक्या पॉलिशखाली यातलं काहीच झाकत नाही. सागाचा गाभा सोनेरी-तपकिरी आणि कडेचा भाग पांढुरका. नॅचरल पॉलिशमध्ये हा फरक दुरूनही दिसतो. परतवाड्याच्या लाकूडबाजारात मेळघाटचा साग यायचा तेव्हा गाभ्याच्या रुंद फळ्या निवडून घेता येत. १९७४ मध्ये मेळघाट व्याघ्रप्रकल्प झाला. १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने देशभर वृक्षतोडीवर आणि आरागिरण्यांवर बंधनं आली. एप्रिल २०१४ पासून म्यानमारने ओंडक्यांची निर्यात थांबवली. जंगल राहिलं पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण आता हाती येतो तो बराचसा लागवडीचा कोवळा साग किंवा प्लायवूडवर चिकटवलेला सागाचा पातळ पापुद्रा. म्हणून पैसे शेडवर घालवण्याआधी फळ्या निवडण्यात एक सकाळ घालवावी. ताज्या कापलेल्या सागावर हिरवट, काळसर पट्टे दिसले तर घाबरू नये. उजेडात काही आठवड्यांत ते निवळतात आणि रंग एकसारखा होतो.

सागाच्या अंगातच एक तेलकटपणा असतो, त्यामुळे वरून लावलेलं तेल किंवा पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश उशिरा सुकतं. चपड्याचा पातळ हात आधी दिला की हे टळतं. तो हात देणं बघण्यासारखं असतं. मऊ झालेल्या जुन्या सुती कापडात कापसाचा बोळा गुंडाळायचा, पॉलिश आत पाजायचं, बाहेरून बोटभर तेल लावायचं आणि हात कुठेही न थांबवता गोल गोल फिरवत जायचं. क्षणभर थांबलात तर तिथेच डाग. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो, म्हणून पावसाळ्यात हवेतली वाफ त्यावर धरते आणि पॉलिश पांढरं पडतं. दिवाळीनंतरची वऱ्हाडातली कोरडी हवा या कामाला सोन्यासारखी.

जवसाच्या तेलाचा एक दोष फिक्या रंगात फार खुपतो. अंधारात ते पिवळं पडतं. कपाटाचं दार बाहेरून छान राहतं आणि आतली फळी पिवळसर होते. करडईच्या तेलात लिनोलेनिक आम्ल जवळजवळ नसतं. त्यामुळे ते हळू सुकतं, पण पिवळं फार कमी पडतं. पांढऱ्या तैलरंगासाठी चित्रकार ते वापरतात ते याचसाठी. करडई तर आपल्याच शिवारातली. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने एकेएस २०७ सारखे तिचे वाण दिले आहेत. कपाटाच्या आतल्या बाजूसाठी हे तेल करून पाहायला हवं असं मला मनापासून वाटतं. त्याला खर्च काही नाही. मिस्त्रीकडून त्याच फळीचे उरलेले चार तुकडे मागून घ्यावेत. दोनांना बेलतेल, दोनांना करडईचं तेल अगदी पातळ पुसून लावावं. प्रत्येकातला एक तुकडा खिडकीत आणि एक बंद खणात ठेवावा. पावसाळा सरल्यावर चारही शेजारी ठेवून बघावेत आणि मगच आतल्या फळ्यांचं तेल ठरवावं.