घंटा, भोंगा आणि अंगठा : हजेरीच्या यंत्राची गोष्ट

१/ मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या सैन्याने पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला जिंकला. इथल्या चर्चमधील अनेक घंटा पुढे महाराष्ट्रातील देवळांत पोचल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिराची घंटा त्यांपैकीच एक मानली जाते. घंटा साऱ्या गावाला वेळ सांगते, पण कोण आले आणि कोण आले नाही याची नोंद ठेवत नाही. ती नोंद ठेवणाऱ्या यंत्राचा हा थ्रेड. 🧵

२/ मुंबईच्या कापडगिरण्यांत घंटेचे काम भोंग्याने केले. हजेरी मात्र माणसाच्या हाती राहिली. कामगार भरती करणारा आणि त्यांच्यावर देखरेख ठेवणारा जॉबर हा खात्यातला सत्ताधीश होता. हजर कोण आणि गैरहजर कोण, यात त्याच्या मर्जीला मोठे वजन असे.

३/ वेळेचा प्रश्न कामगारांनीच ऐरणीवर आणला. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांनी मागण्या मांडल्या : रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी साप्ताहिक सुटी मान्य केली.

४/ योगायोग असा, की त्याच १८९० साली अमेरिकेत विलार्ड बंडी या जवाहिऱ्याला हजेरीच्या घड्याळाचे पेटंट मिळाले. प्रत्येक कामगाराला क्रमांक असलेली किल्ली दिलेली असे. ती घड्याळात फिरवली की कागदी पट्टीवर क्रमांक आणि वेळ छापली जाई. त्याच्या भावाने बिंगहॅम्टन येथे ही घड्याळे बनवण्याचा कारखाना चालवला.

५/ बंडीची पट्टी कार्यालयात राही. १८९४ साली रॉचेस्टरच्या डॅनियल कूपरने वेगळी रचना केली : प्रत्येकाचे स्वतंत्र कार्ड आणि त्यावरच येण्याजाण्याची वेळ. फरक छोटा वाटतो, पण आता कामगाराला स्वतःची नोंद स्वतःच्या डोळ्यांनी वाचता येऊ लागली. असे कारखाने १९०० नंतर एकत्र येत गेले. १९११ च्या विलीनीकरणातून उभ्या राहिलेल्या कंपनीने १९२४ साली नवे नाव घेतले : आयबीएम. संगणकापूर्वीची ही तिची कमाई!

६/ पण घड्याळ कोणाचे? १९०६ च्या आरंभी भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा सुमारे ३९ मिनिटे पुढे होती. काट्यावर तेच सहा वाजले, तरी सूर्याच्या हिशेबाने कामगाराला तेवढे आधी उठणे भाग होते. जानेवारीत हजारो गिरणी कामगारांनी काम नाकारले, दगडफेकही झाली. मुंबई महापालिकेने जुनी वेळ पुढे अनेक वर्षे सोडली नाही.

७/ आणि हजेरी म्हणजे मजुरी नव्हे. १९३५ साली गिरणीमालक संघाने बदली कामगारांसाठी कार्डांची योजना आणली. कार्डधारकाने रोज सकाळी गिरणीत हजर व्हायचे. कायम कामगार गैरहजर असेल तरच काम, नाहीतर रिकाम्या हाताने घरी. हजेरी भरे, खिसा नाही.

८/ १९४८ च्या कारखाना कायद्याने पारडे थोडे फिरवले. दिवसाला ९ किंवा आठवड्याला ४८ तासांपेक्षा अधिक काम झाले, तर जादा वेळेला दुप्पट दर. उशीर पकडण्यासाठी जन्मलेले कार्ड आता जादा तासांचा पुरावाही ठरू शकत होते. मालकाचा पहारेकरी कामगाराचा साक्षीदार झाला.

९/ आज वसईत वालीव, सातिवलीच्या औद्योगिक शेडमधून फिरताना दाराशी अंगठ्याचे यंत्र दिसले, तर हा सारा प्रवास आठवावा. दुसऱ्याची किल्ली फिरवता येत होती, दुसऱ्याचा अंगठा लावता येत नाही. पण राबून बोटांवरच्या रेषा झिजल्या की हेच यंत्र खऱ्या मालकालाही ओळखत नाही. शिवाय नोंद पुन्हा कार्यालयात गेली आहे, बंडीच्या पट्टीसारखी. म्हणून यंत्र किती अचूक, यापेक्षा मोठा प्रश्न आहे : त्यातली नोंद कामगाराला वाचता येते का?

१०/ घरात आजोबांचे किंवा आजीचे जुने हजेरीकार्ड असेल, तर रद्दीत देऊ नका. त्यावरच्या पुसट आकड्यांत एका माणसाच्या आयुष्याचे तास आहेत. इतिहासाचे साधन याहून वेगळे नसते.